पगार न विचारणारा खेळाडू

बॉब बॉन हा बचावफळीतला खेळाडू १९६८ साली डेट्रॉइट रेड विंग्ज या आइस हॉकी संघात आला. चार वर्षांपूर्वी टोरंटोकडून खेळताना याच बॉनने मोडक्या पायाने डेट्रॉइटवर गोल चढवला होता आणि जवळजवळ हाती आलेला स्टॅनले कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, डेट्रॉइटच्या हातून काढून घेतला होता. आता तो गॉर्डी हाऊचा सहकारी झाला. एकदा बोलता बोलता दोघांत पगाराचा विषय निघाला. संघात सगळ्यात जास्त पगार आपलाच, अशी गॉर्डीची समजूत होती. वरच्यांनी तसं सांगितलं होतं आणि त्यानेही ते धरून ठेवलं होतं. त्याला वर्षाला ४५,००० डॉलर मिळत. बॉनने आपला आकडा सांगितला, ६७,०००.

गॉर्डीने तेव्हा चाळिशी गाठली होती. बावीस हंगाम एकाच संघासाठी, सहा वेळा नॅशनल हॉकी लीगमधला सर्वोत्तम खेळाडू, सहा वेळा गुणतक्त्यात पहिला, चार स्टॅनले कप. सर्वाधिक गोलांचा विक्रम त्याच्या नावावर होऊन पाच वर्षं झाली होती. तो मालक ब्रूस नॉरिसकडे गेला आणि त्याने एक लाख डॉलर मागितले. नॉरिसने फार घासाघीस न करता ते कबूल केले. मग इतकी वर्षं का दिले नाहीत, असं विचारल्यावर मिळालेलं उत्तर गॉर्डीनेच पुढे सांगून ठेवलं आहे. त्याचा मथितार्थ असा, की तू कधी जास्त मागितलेच नाहीस, आणि मी तर धंदा करायला बसलोय.

हे पुस्तक लिहायला घेतलं ते या उत्तरामुळे. गॉर्डी हाऊच्या पराक्रमाच्या कथा इंग्रजीत पोत्याने आहेत. आइस हॉकीच्या जगात त्याला ‘मिस्टर हॉकी’ म्हणत, आणि त्याचं नाव निघालं की माणसं भक्तिभावाने बोलायला लागतात. माझ्याही मनात त्याच्याविषयी आदर आहे, तो पानोपानी दिसेल. पण व्यावसायिक खेळाडूचं चरित्र म्हणजे त्याच्या धंद्याचंही चरित्र असतं. त्याने किती गोल केले हे सांगायचं आणि त्या गोलांचे पैसे कुणाच्या गल्ल्यात गेले हे सांगायचं नाही, ही अर्धवट हकिकत झाली. गॉर्डीचं खेळावर जिवापाड प्रेम होतं. मालकांनी पंचवीस वर्षं त्या प्रेमाचाच फायदा उठवला. त्याचा मोठेपणा आणि त्याचा भिडस्तपणा या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या, असं माझं मत आहे, आणि पुढची सगळी प्रकरणं त्या मताभोवती फिरतात.

मराठी वाचकाला हा खेळ जवळचा नाही, म्हणून आधी थोडं खेळाविषयी. हॉकी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे ध्यानचंद येतात, हिरवं मैदान येतं. लडाखमध्ये गोठलेल्या तळ्यांवर आइस हॉकी खेळली जाते आणि टोरंटो किंवा डेट्रॉइटकडे स्थायिक झालेल्या मराठी घरांतली मुलं थंडीत स्केट्स घेऊन बाहेर पडतात, पण बाकी आपल्याला त्याचा गंध नाही. उत्तर अमेरिकेतलं रिंक २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद. भोवती कठडा, त्याला बोर्ड म्हणतात. दोन्ही बाजूंचे गोलरक्षकासह सहा-सहा खेळाडू. चेंडूऐवजी ‘पक’, म्हणजे कडक रबराची चपटी चकती, तीन इंच व्यासाची आणि एक इंच जाड. कंदी पेढा चांगला दुप्पट करून दगडासारखा वाळवावा तशी. ती उसळू नये म्हणून सामन्याआधी गोठवून ठेवतात. मोठ्या खेळाडूच्या काठीवरून सुटली की तासाला दीडशे किलोमीटरच्या पुढे जाते. १९५९ च्या नोव्हेंबरपर्यंत बहुतेक गोलरक्षक हिच्यासमोर उघड्या चेहऱ्याने उभे राहत. न्यूयॉर्कमध्ये एका फटक्याने चेहरा फाटल्यावर माँट्रियलच्या जाक प्लान्तने टाके घालून घेतले आणि मुखवट्याशिवाय परत उतरणार नाही असं सांगितलं, तेव्हापासून तो रिवाज पडला.

वीस-वीस मिनिटांचे तीन भाग असतात, पण कुणी सलग खेळत नाही. मिनिटभर जीव तोडून पळायचं, मग बाकावर येऊन बसायचं आणि दुसऱ्याने कठड्यावरून उडी मारून आत जायचं. अंगावर जाऊन धक्का देणं नियमात बसतं. कोपर मारणं, काठीने अडकवणं नियमात बसत नाही, त्यासाठी दोन मिनिटं पेनल्टी बॉक्समध्ये बसावं लागतं. सरळ मारामारी केली तर पाच मिनिटं. पाच मिनिटं बसून माणूस परत खेळायला येतो, हे आपल्याला चमत्कारिक वाटतं. मलाही वाटतं. पण गॉर्डी हाऊ ज्या काळात वाढला त्या काळात ही शिक्षा नव्हती, नोकरीचा भाग होता.

त्याचा जन्म ३१ मार्च १९२८ चा, कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतातल्या फ्लोरल या गावचा. नऊ भावंडांतला तो सहावा. तो नऊ दिवसांचा असताना घर शेजारच्या सस्कॅटून शहरात हललं. त्यानंतर दीड वर्षात जागतिक मंदी आली आणि तिच्यापाठोपाठ गवताळ प्रदेशातला तो भीषण दुष्काळ, ज्यात मातीच उडून गेली. वडील अल्बर्ट पडेल ते काम करत. मुलगा अंगाने थोराड, बोलायला लाजाळू, शाळेत मागे. तिसरीत दोनदा नापास झाल्यावर त्याने चारचौघांत तोंड उघडणंच कमी केलं. एके दिवशी एक बाई दारात आली, तिच्याकडे घरातल्या जुन्या चीजवस्तूंचं एक पोतं होतं. तिला पोरांच्या दुधाला पैसे हवे होते. गॉर्डीच्या आईने, कॅथरिनने, घरात होते ते दीड डॉलर तिला दिले. पोतं उपडं केलं तर त्यात स्केट्सची एक जोडी निघाली. एक स्केट गॉर्डीने पळवलं, दुसरं बहीण एडनाने, आणि दोघं एका-एका पायावर अंगणातल्या बर्फावर घसरत सुटली.

हा प्रसंग प्रत्येक चरित्रात येतो, इथेही आला. पण मला त्यातल्या स्केट्सपेक्षा दीड डॉलर जास्त महत्त्वाचे वाटतात. या घरात पैसा मागायचा नसतो, असला तर द्यायचा असतो. कुणी काम दिलं तर ते उपकार. ही शिकवण गॉर्डीच्या हाडात मुरली होती. पुढे त्याच्यापुढे करार ठेवणाऱ्यांना ती पहिल्याच भेटीत कळली.

पंधराव्या वर्षी न्यूयॉर्क रेंजर्सच्या विनिपेगमधल्या शिबिरात तो गेला आणि घरची आठवण सहन न होऊन परतला. पुढल्या वर्षी डेट्रॉइटने विंडसरला बोलावलं. तिथला सर्वेसर्वा जॅक अ‍ॅडम्स. मुलाला करारावर सही करायला लावताना अ‍ॅडम्सने रेड विंग्जचं एक जाकीट देण्याचं कबूल केलं. लाल-पांढरं, छातीवर पंख लावलेल्या चाकाचं चिन्ह असलेलं जाकीट. मुलाने सही केली. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं, जाकीट काही आलं नाही. १९४६ मध्ये मुख्य संघासाठी करार पुढे आला तेव्हा अठरा वर्षांचा गॉर्डी सही करायला तयार होईना. अ‍ॅडम्सला वाटलं, पोरगं पैशावरून अडून बसलंय. पोराचं म्हणणं एवढंच होतं, की जाकीट अजून मिळालेलं नाही. ते मिळालं, सही झाली. माझ्या माहितीत पुढच्या वीसेक वर्षांत गॉर्डी हाऊने डेट्रॉइटच्या व्यवस्थापनाकडे धरलेला हा एकमेव हट्ट.

त्या वर्षी १६ ऑक्टोबरला पहिला सामना टोरंटोशी झाला. त्याने गोल केला, दातही गमावले. पाठीवर नंबर होता १७. नऊ नंबर नंतर आला आणि त्याचं कारण गमतीचं आहे. संघ रेल्वेने फिरायचे आणि झोपण्याच्या डब्यात बर्थ पाठीवरच्या नंबरांप्रमाणे वाटले जायचे. लहान नंबरवाल्यांना खालचा बर्थ, मोठ्यांना वरचा. नऊ नंबर रिकामा झाला तेव्हा खालचा बर्थ मिळेल म्हणून त्याने तो घेतला. पुढे बॉबी हलसारखा मोठा खेळाडू नऊ नंबर लावायला लागला, ब्रँटफर्डचा एक पोरगा नऊ मिळाला नाही म्हणून नव्याण्णव लावायला लागला, आणि आज तो नऊचा आकडा छताला टांगलेला दिसतो. मुळात त्या आकड्यामागे रात्री पाय पसरून झोपण्याची सोय होती.

या रेल्वेच्या डब्यात वाचकाने जरा थांबावं. १९४२ ते १९६७ पर्यंत नॅशनल हॉकी लीगमध्ये सहाच संघ होते: माँट्रियल, टोरंटो, बोस्टन, न्यूयॉर्क, डेट्रॉइट, शिकागो. सगळ्या मिळून साधारण सव्वाशे नोकऱ्या. खाली कनिष्ठ लीगांत शेकडो पोरं वाट बघत बसलेली. कराराने खेळाडू संघाला बांधलेला असे. मुदत संपली तरी दुसरीकडे जायची मुभा नाही, मालक पाठवील तिकडे जायचं. एकमेकांचा पगार विचारणं वाईट समजलं जायचं, आणि ही सभ्यता मालकांच्या पथ्यावर पडायची. कुणी फार बोललं की त्याला खालच्या गावी पाठवलं जाई. अशा वातावरणात गॉर्डी दर उन्हाळ्यात अ‍ॅडम्ससमोर बसे, आकड्याची जागा कोरी असताना सही करे, अ‍ॅडम्स तिथे मागल्यापेक्षा हजारभर डॉलर वाढवून लिही. सस्कॅटूनला बापाबरोबर सिमेंटच्या गोण्या वाहिलेल्या माणसाला ते पैसे थोडे वाटत नव्हते. त्याला भोळा म्हणून मोकळं होणं सोपं आहे. त्याच्यापुढे तोलायला दुसरा तराजू नव्हता, हे अधिक खरं.

खेळ मात्र असा होता की बघणाऱ्याने बघतच राहावं. सहा फूट उंची, उतरते प्रचंड खांदे, मनगटं लोखंडी. तो उजव्या बाजूचा खेळाडू, पण काठी डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंनी फिरवायचा. गोलरक्षकाला फटका कुठून येणार ते कळत नसे. सिड एबल मध्ये, टेड लिंडसे डावीकडे, गॉर्डी उजवीकडे. मोटारींच्या शहरातल्या या तिघांना लोकांनी ‘प्रॉडक्शन लाइन’ नाव दिलं.

२८ मार्च १९५० ला, प्लेऑफच्या, म्हणजे कपसाठीच्या बाद फेरीच्या, पहिल्याच सामन्यात, गॉर्डी टोरंटोच्या टेड केनेडीवर धावून गेला. केनेडी शेवटच्या क्षणी थांबला की सरकला, यावर पुढे कैक वर्षं भांडणं झाली. गॉर्डी डोकं पुढे करून कठड्यावर आदळला. कवटी फुटली, नाक आणि गालाचं हाड मोडलं. त्या रात्री डेट्रॉइटच्या इस्पितळात डॉक्टरांनी मेंदूवरचा दाब उतरवण्यासाठी कवटीला भोक पाडलं. आईला सस्कॅटूनहून बोलावून घेतलं. मुलाचं वय बावीसही पूर्ण नव्हतं. संघाने त्या वर्षीचा स्टॅनले कप जिंकला तेव्हा तो साध्या कपड्यांत, डोक्याला पट्ट्या बांधून बर्फावर आला. पुढच्या हंगामात सत्तरच्या सत्तर सामने खेळला, गोल आणि साहाय्य मिळून ८६ गुणांसह लीगमध्ये पहिला आला. त्या अपघातानंतर त्याचे डोळे नकळत मिचकत राहिले. सहकाऱ्यांनी त्याचं नाव ‘ब्लिंकी’ ठेवलं, आणि तोही हसला. आजचा कुठलाही डॉक्टर हा परिच्छेद वाचून खुर्चीत ताठ बसेल.

त्यानंतर तो बर्फावर जास्त निर्दय झाला असं पुष्कळजण म्हणतात. त्याची कोपरं प्रसिद्ध होती. एकदा मारलेलं तो विसरत नसे. दोन महिन्यांनी, कोपऱ्यात पंचाची पाठ असताना, हिशेब चुकता व्हायचा. १९५९ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या लू फाँटिनाटोने, लीगमधल्या नावाजलेल्या भांडखोराने, त्याला आव्हान दिलं. काही सेकंदांत फाँटिनाटोचं नाक चेहऱ्याच्या एका बाजूला गेलं. त्यानंतर गॉर्डीच्या वाटेला जाणारे कमी झाले. एकाच सामन्यात गोल, गोलला साहाय्य आणि एक मारामारी असं घडलं तर त्याला ‘गॉर्डी हाऊ हॅट्ट्रिक’ म्हणतात. गंमत अशी की स्वतः गॉर्डीच्या नावावर तसे दोनच सामने आहेत. त्याला फार वेळा हात उचलावाच लागला नाही. आणि हाच माणूस रिंकबाहेर सही मागणाऱ्या शेवटच्या पोरापर्यंत थांबायचा, म्हाताऱ्या बायकांची सामानं उचलून द्यायचा. दोन्ही खरं आहे, आणि त्या दोहोंची मोट बांधायचा प्रयत्न मी या पुस्तकात केलेला नाही.

आता १९५७. हे प्रकरण लिहिताना मला सगळ्यात जास्त जड गेलं. फेब्रुवारीत टेड लिंडसेने न्यूयॉर्कमध्ये जाहीर केलं की खेळाडूंनी संघटना उभारली आहे. मागण्या साध्या होत्या: पेन्शन फंडात नेमकं काय आहे ते दाखवा, प्रवासाचा आणि सरावाचा खर्च नीट द्या, टेलिव्हिजनच्या पैशाचा हिशेब द्या. मालक खवळले. लिंडसे लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक, नुकताच कारकिर्दीतला उत्तम हंगाम खेळलेला. जुलैत अ‍ॅडम्सने त्याला उचलून शिकागोला टाकलं. शिकागो तेव्हा तळातला संघ होता. वर त्याच्याविषयी नाही नाही ते पसरवलं. नोव्हेंबरात डेट्रॉइटच्या खेळाडूंनी संघटनेतून अंग काढून घेतलं आणि ती कोसळायला लागली.

गॉर्डी तेव्हा लीगचा सर्वांत मोठा खेळाडू होता. लिंडसे त्याचा जिवाभावाचा मित्र, दहा वर्षं डाव्या बाजूने त्याला पक देणारा. गॉर्डी बोलला नाही. त्याने एकदा तोंड उघडलं असतं तर मालकांना त्यालाही शिकागोला पाठवता आलं नसतं. तेवढी त्यांची छाती नव्हती. त्याच्या बाजूने सांगायचं तर त्याला पोरंबाळं होती, अ‍ॅडम्सविषयी त्याला वडिलांसारखं वाटे, आणि भांडण हा त्याचा स्वभाव फक्त बर्फावर होता. हे सगळं मान्य करूनही मूग गिळून बसण्याची किंमत दुसऱ्यांनी मोजली, हे लपवता येत नाही. खेळाडूंची टिकाऊ संघटना उभी राहायला आणखी दहा वर्षं लागली. बॉनने १९६८ मध्ये सांगितलेला आकडा ऐकताना गॉर्डीला लिंडसे आठवला असेलच.

या कथेत हिशेब करणारी एक व्यक्ती होती. कॉलीन जोफा त्याला डेट्रॉइटच्या एका बोलिंग अ‍ॅलीत भेटली, १९५३ मध्ये लग्न झालं, चार मुलं झाली. ती कुणाचीही भीडभाड ठेवणारी नव्हती. मुलांना डेट्रॉइटमध्ये चांगली हॉकी खेळायला मिळत नाही म्हणून तिने कनिष्ठ संघ उभारून चालवला. पुढे गॉर्डीचे करार, जाहिराती, पुस्तकं तिने हातात घेतली. ‘मिस्टर हॉकी’ हे नावसुद्धा तिने कायद्याने नोंदवून घेतलं. संघांच्या कचेऱ्यांतले पुरुष तिच्यावर चिडायचे. खेळाडूच्या बायकोने खुर्चीत बसून टाळ्या वाजवाव्यात, कागद वाचू नयेत, अशी त्यांची अपेक्षा. पंचवीस वर्षं गॉर्डीचा कागद कुणीतरी वाचायला हवा होता आणि तो वाचणारी पहिली व्यक्ती ती होती.

१९७१ मध्ये मनगटाच्या संधिवातामुळे तो निवृत्त झाला. क्लबने त्याला उपाध्यक्ष केलं, टेबल-खुर्ची दिली आणि काम दिलं नाही. आपल्याला अळिंबासारखं अंधारात ठेवतात आणि मधूनमधून वर शेण टाकतात, असं तो सांगायचा. त्याच वर्षी आई गेली. पुढल्या वर्षी तो हॉकीच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला. चरित्र इथे संपायला हरकत नव्हती.

पण १९७२ साली वर्ल्ड हॉकी असोसिएशन नावाची प्रतिस्पर्धी लीग निघाली होती आणि तिने बॉबी हलला दहा लाख डॉलर मोजून पळवल्यापासून सगळे भाव बदलले. जुन्या लीगचा नियम असा की वीस वर्षांखालच्या मुलाला घ्यायचं नाही. नव्या लीगने तो पाळला नाही. हाऊंची दोन मुलं, मार्टी आणि मार्क, एकोणीस आणि अठरा वर्षांची, कनिष्ठ लीगमध्ये चमकत होती. ह्यूस्टन एरोजचा प्रशिक्षक बिल डिनीन हा गॉर्डीचा जुना सहकारी. मुलांविषयी बोलणं चाललं असताना गॉर्डीने विचारलं, तीन हाऊ घेतले तर? डिनीनला आधी ती थट्टा वाटली. करार मात्र कॉलीनने बघितला. चार वर्षांचे दहा लाख डॉलर, असा त्या वेळी बोलला गेलेला आकडा.

टेक्ससच्या उन्हात, जिथे बर्फ फक्त पेल्यात दिसतं, १९७३ साली पंचेचाळीस वर्षांचा माणूस आपल्या मुलांबरोबर पुन्हा सरावाला उतरला. सुरुवातीचे दिवस भयंकर होते. चेहरा जांभळा पडायचा, श्वास लागायचा, आणि मुलांना वाटायचं की बाप इथेच कोसळणार. काही आठवड्यांत पाय परत आले. त्या हंगामात त्याने ३१ गोल आणि ६९ साहाय्य मिळून १०० गुण केले, लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि संघ विजेता झाला. दुसऱ्या वर्षीही झाला. मार्क पहिल्याच वर्षी सर्वोत्तम नवोदित. एकदा मार्टीला खाली पाडून एक धिप्पाड गडी त्याच्या उरावर बसला होता. गॉर्डीने त्याला शांतपणे उठ म्हणून सांगितलं. तो उठेना, तेव्हा मागून त्याच्या नाकपुड्यांत बोटं घालून त्याला उचललं, असा किस्सा सांगतात. हा किस्सा सांगताना मुलं आजही हसतात म्हणे. गॉर्डीला या वर्षांविषयी विचारलं की कपांपेक्षा, पैशांपेक्षा मुलांबरोबर एका ओळीत खेळल्याचा आनंद तो आधी सांगायचा. एवढ्या लांबलचक कारकिर्दीत प्रेम आणि पैसा दोन्ही एकाच वेळी, एकाच पानावर, इथेच दिसतात.

१९७७ मध्ये तिघे न्यू इंग्लंड व्हेलर्सकडे गेले. दोन वर्षांनी नवी लीग बुडाली, तिचे चार संघ जुन्या लीगने सामावून घेतले, त्यात हाही होता, हार्टफर्ड व्हेलर्स या नावाने. म्हणजे निवृत्तीनंतर आठ वर्षांनी गॉर्डी परत नॅशनल हॉकी लीगमध्ये. १९७९-८० चा हंगाम तो पूर्ण खेळला, ८० सामने, १५ गोल, ४१ गुण. हंगाम संपताना वय बावन्न.

त्याच हंगामात ५ फेब्रुवारीला लीगमधल्या निवडक खेळाडूंचा ऑल-स्टार सामना डेट्रॉइटच्या नव्या जो लुईस अरेनात होता. प्रशिक्षक स्कॉटी बोमनने गॉर्डीला संघात घेतलं. खेळाडू एकेक करून बर्फावर बोलावले जात होते. त्याला सगळ्यात शेवटी ठेवलं होतं. निवेदकाने त्याचं नाव उच्चारलंच नाही. हार्टफर्डचा आणि सगळ्या हॉकीचा प्रतिनिधी, नंबर नऊ, एवढंच सांगितलं. २१,००२ माणसं उठून उभी राहिली आणि बसेनात. टाळ्यांमध्ये त्याच्या नावाचा घोष सुरू झाला. गॉर्डीला काय करावं सुचेना. जुन्या चित्रफितीत तो जागच्या जागी चुळबुळ करतो, खाली बघतो, शेवटी बाकाकडे सरकून जुन्या ट्रेनरशी काहीतरी बोलतो. रांगेत एकोणीस वर्षांचा वेन ग्रेट्झ्की उभा होता, ब्रँटफर्डचा तोच पोरगा, पहिल्याच ऑल-स्टार सामन्यासाठी आलेला. सामन्याच्या शेवटच्या गोलला गॉर्डीचं साहाय्य होतं.

त्याचे विक्रम आता त्याचे राहिलेले नाहीत. १,८५० गुणांचा ग्रेट्झ्कीने १९८९ मध्ये मोडला, ८०१ गोलांचा १९९४ मध्ये. १,७६७ सामन्यांचा आकडा पॅट्रिक मार्लोने २०२१ साली ओलांडला. अलेक्झांडर ओव्हेचकिनही गोलांत त्याच्या पुढे गेला. सलग वीस हंगाम लीगच्या पहिल्या पाच गुणवंतांत राहणं मात्र त्याच्याच नावावर आहे, आणि ते कुणी मोडेल असं मला वाटत नाही. आकड्यांच्या मागे लागलेल्या वाचकासाठी शेवटी तक्ता दिला आहे. १९९७ मध्ये, एकोणसत्तराव्या वर्षी, एका कनिष्ठ लीगच्या संघाने त्याला एका पाळीपुरतं बर्फावर उतरवलं, सहा दशकांत खेळला असं म्हणता यावं म्हणून. तो तमाशा मला आवडलेला नाही. पुस्तकात त्याला दोनच ओळी मिळाल्या आहेत.

शेवटची वर्षं कठीण होती. कॉलीनला स्मृती पुसून टाकणाऱ्या मेंदूच्या आजाराने गाठलं. ती २००९ साली गेली. पाठोपाठ त्याचीही आठवण विरत गेली. १० जून २०१६ ला, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी तो गेला. चार दिवसांनी जो लुईस अरेनात सकाळी नऊपासून रात्री नऊपर्यंत शवपेटी ठेवली होती आणि मुलं रांगेतल्या माणसांचे हात हातात घेत उभी होती.

पुस्तकातलं सगळ्यात छोटं प्रकरण एका कोर्टकज्ज्याविषयी आहे. क्रीडाप्रेमी वाचक कदाचित ते गाळतील, म्हणून इथे सांगून ठेवतो. लिंडसेने १९५७ मध्ये जो पेन्शन फंड दाखवा म्हणून मागणी केली होती, त्यात पुढे मोठी शिल्लक साठत गेली आणि लीगने ती स्वतःचा वाटा भागवायला वापरली. १९९१ साली काही निवृत्त खेळाडूंनी कॅनडात दावा लावला. पुढच्या वर्षी ऑन्टारियोतल्या न्यायालयाने ती शिल्लक खेळाडूंची ठरवली. १९९४ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने लीगचं अपील ऐकायलाही नकार दिला. सुमारे चार कोटी डॉलर जुन्या खेळाडूंना मिळायचे झाले. मोडक्या गुडघ्यांची, बसक्या नाकांची ती माणसं. काहींच्या बाबतीत फक्त विधवा उरल्या होत्या. दाव्यातले वादी सात होते: अँडी बाथगेट, कार्ल ब्रूअर, बॉबी हल, लिओ राइझ, एडी शॅक, अ‍ॅलन स्टॅनली आणि गॉर्डी हाऊ.